गुडघ्याची झीज : शस्त्रक्रियेविना व्यवस्थापन

सोलापूर-पुणे महामार्गालगतच्या चिंचोळी एमआयडीसी परिसरात अनेक घरांत दुहेरी काम चालते. कारखान्यात पाळीभर उभे राहायचे आणि सुटीच्या दिवशी रानात उकिडवे बसून खुरपायचे. गेल्या रब्बीत ज्वारीच्या शेतावर पन्नाशीच्या एका ताईंनी तणाऐवजी गुडघ्याचाच प्रश्न विचारला, "सर, खुरपायला बसलं की उठताच येत नाही. ऑपरेशनला पैसा नाही. आता रान सोडायचं का?" रान सोडण्याची गरज नाही. मात्र कामाची पद्धत बदलावी लागेल.

झीज कशामुळे होते?
गुडघ्यात हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. वाढते वय, जादा वजन, जुनी दुखापत आणि वर्षानुवर्षे गुडघे पूर्ण दुमडून केलेले काम यांमुळे ते झिजते. डॉक्टर यास ऑस्टिओआर्थ्रायटिस म्हणतात. झिजलेली कूर्चा पूर्ववत होत नाही. परंतु मांडीचे स्नायू बळकट केल्यास वेदना कमी होऊन हालचाल सुधारते.

१) व्यायाम
दिवसभर रानात चालणे म्हणजे व्यायाम नव्हे. पुढील तीन प्रकार दररोज प्रत्येकी १० वेळा करावेत.
अ) पाय पसरून बसावे. गुडघ्याखाली टॉवेलची घडी ठेवून गुडघ्याने ती ५ सेकंद दाबावी.
ब) उताणे झोपून एक पाय दुमडावा. दुसरा सरळ पाय वीतभर उचलून ५ सेकंद धरावा.
क) खुर्चीवरून शक्यतो हाताचा आधार न घेता सावकाश उठावे व बसावे.
फरक जाणवण्यास ६ ते १२ आठवडे लागतात. सुरुवातीस थोडे दुखते. दुखणे दुसऱ्या दिवशीही वाढलेले राहिल्यास व्यायाम कमी करावा, बंद करू नये.

२) वजन
अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, वजन १ किलोने घटल्यास प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोने घटतो. भाकरी सोडू नये. चहातील साखर, तेल व तळलेले पदार्थ कमी करावेत.

३) कामाच्या पद्धतीत बदल
रब्बी ज्वारीत पेरणीनंतर ३, ५ व ८ आठवड्यांनी कोळपणी करावी. त्यामुळे ओल टिकते आणि खुरपणी केवळ ओळीतील तणापुरती उरते. लहान क्षेत्रात वाफसा असताना सायकल कोळपे उभ्याने चालवता येते. खुरपताना दर २० ते ३० मिनिटांनी उठून चार पावले चालावे. कणसे मोडताना व धार काढताना उंच पाट किंवा स्टूल घ्यावे. घरी ओट्यावर स्वयंपाक आणि शौचास कमोड खुर्ची असल्यास मोठा आराम पडतो. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरावी.

४) औषधे
प्रथम डायक्लोफेनॅकसारखे वेदनाशामक मलम डॉक्टरांना विचारून वापरावे. गोळ्या त्यांच्याच सल्ल्याने व कमीत कमी दिवस घ्याव्यात. दुकानातून परस्पर आणलेल्या गोळ्यांनी जठरास व्रण होऊ शकतात, मूत्रपिंड बिघडू शकते. रक्तदाब व मधुमेह असणाऱ्यांनी विशेष जपावे. बिनलेबलच्या पुड्या कदापि घेऊ नयेत. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. सांध्यात दिलेल्या स्टेरॉइड इंजेक्शनचा आराम काही आठवडेच टिकतो. शेक व तेलाच्या मालिशने बरे वाटते, पण झीज भरून येत नाही.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?
गुडघा लाल, गरम होऊन सुजणे व ताप येणे, गुडघा अडकणे, पडल्यानंतर पाय टेकता न येणे, हातांचे सांधेही सकाळी अर्ध्या तासाहून अधिक आखडणे, यांपैकी काहीही आढळल्यास विलंब करू नये. काही महिने नेटाने उपाय करूनही झोप व चालणे अवघड राहिल्यास शस्त्रक्रियेचा विचार जरूर करावा.

त्या ताईंच्या घरी आता कोळपणी वेळेवर होते आणि ओळीतले तण सून खुरपते. त्यांचा गुडघा अजून दुखतो, पण पाळीला जाताना बसची पायरी त्या आधाराविना चढतात. शेतकरी बंधूंनी खुरपणीची मजुरी मोजताना घरातील बाईच्या गुडघ्याचाही हिशेब धरावा आणि येत्या हंगामापूर्वी कोळपे दुरुस्त करून ठेवावे.