बाइकचं इंजिन लावून विमान उडेल का?

हॉस्टेलवर मेकॅनिकलची चार टाळकी जमली की हा प्रश्न निघतोच. हसू नका. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत, कांदिवलीच्या चारकोपला इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' सप्ताहात लोकांनी ते पाहिलं आणि २०१७ मध्ये त्याची रीतसर नोंदणी झाली. म्हणजे सांगाडा गच्चीवर होऊ शकतो. पण इंजिन?

गाडीचं इंजिन बहुतेक वेळ आरामच करतं. साजगावहून खोपोली स्टेशनला जाताना त्याला कितीसा जोर लागतो? खरा जोर बोरघाटात. विमानाचं इंजिन मात्र टेक-ऑफला पूर्ण आणि मग तासन् तास साधारण पाऊणपट ताकद देत राहतं. जणू घाट संपतच नाही! आणि कडेला थांबून बॉनेट उघडायची सोय नाही.

दुसरी भानगड प्रॉपेलरची. पावणेदोन मीटरचा प्रॉपेलर मिनिटाला २,७५० फेरे घेतो तेव्हा पात्याचं टोक सेकंदाला सुमारे २५० मीटर जातं. फेरे दुप्पट केले तर टोक आवाजाच्या वेगापुढे जाईल. मग गोंगाट भरपूर, ओढ कमी. म्हणून सेस्ना १५० मधलं कॉन्टिनेंटल ओ-२०० हे इंजिन ३.३ लिटरचं असूनही २,७५० फेऱ्यांवर फक्त १०० अश्वशक्ती देतं. आपल्याला वाटतं, किती मागासलेलं! पण ते प्रॉपेलर थेट क्रँकशाफ्टवर फिरवतं, मध्ये मोडायला काही नाही. ऑस्ट्रियाचं रोटॅक्स ९१२ तेवढीच ताकद १.३५ लिटरमधून काढतं, पण ५,८०० फेऱ्यांवर, त्यामुळे २.४३ पट फेरे कमी करणारा गिअरबॉक्स आलाच. कारचं इंजिन विमानाला बसवणाऱ्यांची परीक्षा इथेच, गिअर आणि कूलिंगमध्ये होते. बुलेटच्या वीसेक अश्वशक्तीत तर फार तर एकट्याचं पॅरामोटर उडेल, आणि तेही इंजिनाचं वजन सोसलं तर!

मला सगळ्यात आवडतो तो मॅग्नेटो. जुन्या धाटणीच्या विमान-इंजिनात प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि इंजिनाला दोन स्वतंत्र मॅग्नेटो असतात. ते इंजिनाच्या फिरण्यातूनच ठिणगी तयार करतात. बॅटरी मेली तरी इंजिन चालू. उड्डाणाआधी पायलट आळीपाळीने एकेक बंद करून बघतो. फेरे थोडे पडले तर ठीक. फार पडले तर विमान परत पार्किंगला. आणि अजिबात पडले नाहीत तरीही शंका घ्यायची, कारण स्विच बंद करूनही तो मॅग्नेटो जिवंत असू शकतो. अशा वेळी उभ्या विमानाचा प्रॉपेलर कुणी सहज हाताने फिरवला, तर इंजिन सुरू होऊन पातं त्याच्याच अंगावर येतं.