कुकरची शिट्टी साहेबांपर्यंत जाऊ नये म्हणून

घरून काम करणारे बरेच जण हेडसेट घेताना खोक्यावरचं ‘नॉइज कॅन्सलेशन’ वाचून भुलतात. पण ‘एएनसी’, म्हणजे ‘ॲक्टिव्ह नॉइज कॅन्सलेशन’, असतं आपल्या कानांसाठी. शेजारची घरघर आपल्याला कमी ऐकू येते, इतकंच. कुकरची शिट्टी मीटिंगमध्ये पोचू नये, हे काम माइकचं. म्हणून तोंडापर्यंत येणारी माइकची दांडी असलेला हेडसेट केव्हाही बरा. माइक ओठांच्या कोपऱ्याशी, दोनेक बोटं अंतरावर असावा. अगदी समोर धरला की ‘प’, ‘फ’ म्हणताना फुस्स आवाज जातो.

गाण्यांना झकास वाटणारा ब्लूटूथ हेडफोन कॉल सुरू होताच डब्यातून बोलल्यासारखा का होतो? नेहमीच्या ब्लूटूथमध्ये माइक चालू झाला की जोडणीची पद्धतच बदलते. स्टिरिओ जाऊन मोनो येतो आणि आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुन्यांऐवजी १६,०००, जुन्या उपकरणांत तर ८,०००च घेतले जातात. हेडसेट बिघडलेला नसतो. ब्लूटूथच्या नव्या ‘एलई ऑडिओ’त हे बरंच सुधारलंय, मात्र लॅपटॉपलाही ते जमायला हवं.

दिवसभर लॅपटॉपवरच बोलायचं असेल तर यूएसबी डाँगलवाला घ्या, जोडणीची कटकट वाचते. मोबाइलही वापरत असाल तर एकाच वेळी दोन्हींना जोडला जाणारा, म्हणजे ‘मल्टिपॉइंट’ बघा. चष्मा असेल तर दुकानात चष्म्यासकट दहा मिनिटं घालून बसा, दुकानदार कितीही चुळबुळला तरी. आणि म्यूटचं बटण न बघता सापडायला हवं.