कारखान्यात घडलेले घर आणि हिंगोलीची काळी जमीन

हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातील पांगरा शिंदे व आसपासच्या गावांना भूगर्भातून येणारे आवाज अनेक वर्षांपासून परिचित आहेत. दिनांक २१ मार्च २०२४ रोजी पहाटे सहाच्या सुमारास ४.५ आणि पाठोपाठ ३.६ तीव्रतेचे दोन धक्के जिल्ह्यास बसले. त्याच वर्षी १० जुलै रोजी पुन्हा ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. त्याचे केंद्र कळमनुरी तालुक्यातील रामेश्वर तांडा परिसरात होते. डोक्यावरच्या माळवदाकडे माणसे साशंक नजरेने पाहू लागली, यात नवल ते काय? ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात सुमारे ८,००० माणसे दगावली, ती मुख्यत्वे दगडमातीच्या जाड भिंती व मातीची जड छपरे कोसळल्यामुळे.

कारखान्यात भाग तयार करून मालमोटारीने आणावयाचे व काही दिवसांत जोडावयाचे घर हा पर्याय त्यामुळे पुढे येतो. त्यामागील तत्त्व योग्य आहे. भूकंपात घरावर येणारे बल त्याच्या वजनाच्या प्रमाणात वाढते. पोलादी चौकट व फोमभरल्या पत्र्यांच्या भिंती वजनाने हलक्या असतात. मात्र हेच हलकेपण वळिवाच्या वाऱ्यात धोक्याचे ठरते. चौकट जोत्यात पक्क्या बसविलेल्या बोल्टांनी जखडली आहे की नाही, हे समक्ष पाहिले पाहिजे.

खरी अडचण जोत्याखाली आहे. येथील काळी जमीन पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. घर कारखान्यात घडते, पाया घडत नाही. आणि विक्रेत्याने सांगितलेली किंमत पुष्कळदा जोत्याच्या वरचीच असते. पाया असमान हलला की चौकट तिरपी होते, सांधे उघडतात व पाणी आत येते. काळ्या मातीचा थर उथळ असल्यास तो काढून खाली कठीण मुरमापर्यंत जाणे श्रेयस्कर. थर खोल असल्यास तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब घेता येतात. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशाच जमिनींसाठी ही पद्धत विकसित केली. हा खर्च, तसेच वाहतूक, वीज, शौचालय व कर दरपत्रकात धरले आहेत काय, हे लेखी घ्यावे.

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या या भागात नुसत्या पत्र्याचे घर दुपारी राहण्याजोगे नसते. पत्र्याची व आतील फोमची जाडी करारात नमूद असावी. फोम पेटल्यास त्याचा धूर विषारी असतो. म्हणून चूल वेगळ्या पडवीत हवी आणि विजेच्या तारा नळीतून नेलेल्या हव्यात. विक्रेते याबाबत सहसा आपण होऊन बोलत नाहीत.

घरकुलाच्या अनुदानावर अशी खरेदी करू पाहणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) मध्ये सपाट प्रदेशासाठी १.२० लाख रुपयांचे मूळ साहाय्य ठरविण्यात आले; ते बांधकामाच्या टप्प्यांनुसार हप्त्यांनी मिळते. घर किमान २५ चौरस मीटरचे असावे व लाभार्थ्याने ते ठेकेदाराविना बांधावे, अशी अपेक्षा आहे. विक्रेत्यास मात्र बहुतेक रक्कम आगाऊ हवी असते. तेव्हा इसार देण्यापूर्वी पंचायत समितीत चौकशी करावी, आणि ग्रामपंचायतीने नमुना ८ मध्ये त्या घराची नोंद कशी होईल हे आधीच स्पष्ट करावे.

ज्यांना हा खर्च झेपणार नाही, त्यांनाही लगेच करता येण्यासारखे काही आहे. किल्लारीनंतर शेजारच्या जिल्ह्यांत जुनी घरे मजबूत करताना माळवदावरील मातीचा जादा थर उतरविणे, भिंतीच्या दोन्ही तोंडांना सांधणारे आरपार दगड बसविणे आणि दारांच्या वर घराभोवती सलग पट्टा देणे, असे उपाय योजण्यात आले. गावचा गवंडी हे काम तंत्रज्ञाच्या देखरेखीखाली करू शकतो, आणि माळवद हलके करण्याचे काम तर पावसाळ्यापूर्वीच उरकावे लागते.