चिखलदऱ्याची कॉफी आणि जायफळाचे चार वेढे

महाराष्ट्रात कॉफी पिकते आणि तीही आमच्या अमरावती जिल्ह्यात, असं सांगितलं की पुण्या-मुंबईचे लोक सोडाच, अकोल्याची मंडळीसुद्धा "काहीतरीच!" म्हणतात. वऱ्हाड म्हटलं की डोळ्यांपुढे येतात कापूस, तूर, संत्री आणि मे महिन्यात ४५ अंशांच्या वर गेलेला पारा. पण परतवाड्याहून घाट चढू लागलं की हवा पालटते. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,११८ मीटर उंचीवर आहे. अरेबिका जातीच्या कॉफीला अशीच उंची मानवते. राज्यात कॉफीसाठी ओळखलं जाणारं हे एकच ठिकाण, आणि वर्षानुवर्षं मी त्याची भाटगिरी करत आले आहे.

इतिहास चटकन सांगून टाकते. बाबा बुदान यांनी सतराव्या शतकात येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, ही कथा बहुतेकांना ठाऊक असते. इकडे डिसेंबर १८०३मध्ये इंग्रजांच्या आर्थर वेलस्लीने चिखलदऱ्याजवळचा गाविलगड घेतला. १८२३मध्ये हैदराबाद पलटणीतला कॅप्टन रॉबिन्सन चिखलदऱ्याच्या पठारावर पोचला. मग साहेबांचे बंगले उभे राहिले आणि इंग्रजी अमदानीत कॉफीही आली. पुढे १९७४च्या सुमारास मेळघाटात व्याघ्र प्रकल्प झाला. चहूकडे राखीव जंगल असल्यावर बागा पसरणार तरी किती? म्हणून ही कॉफी थोडकीच राहिली.

चिखलदऱ्याजवळ मरियमपूरला ख्रिस्ती आश्रमाची कॉफीची बाग आहे. माझा जीव तिथे रमतो. हिवाळ्यात झाडं फळांनी लगडतात. फळ पिकून लालचुटूक झालं की बोटांनी दाबायचं, साल फाटते आणि बुळबुळीत गरातून दोन बिया बाहेर येतात, एकमेकींना सपाट बाजूने चिकटलेल्या. एकदा फळं वेचणारी एक बाई मला म्हणाली, "वरचं गोड गोड चोखून घ्या जी, बिया टाकू नका, वाळवाले ठेवतो आमी." तो गर खरंच गोड असतो, आणि त्यात कॉफीच्या वासाचा मागमूसही नसतो! ज्या वासासाठी आपण जीव टाकतो, तो सगळा पुढे विस्तवावर जन्माला येतो.

या झाडाचं इथे सोपं नाही. दक्षिणेत मार्च-एप्रिलमध्ये वळवाच्या सरी येतात आणि आठ-दहा दिवसांत बागा पांढऱ्याशुभ्र फुलतात. चिखलदऱ्याला वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. पुढचे महिने कोरडे. फूल धरल्यापासून फळ पिकेपर्यंत अरेबिकाला आठ-नऊ महिने लागतात, त्यामुळे उन्हाळ्यातलं पाणी फार मोलाचं. जवळच्या मोथा गावच्या स्ट्रॉबेरीचं आता सगळीकडे कौतुक होतं आणि ते व्हायलाच हवं. त्यातलं थोडं कौतुक कॉफीच्याही वाट्याला यावं, असं मला मनापासून वाटतं.

मात्र ही कॉफी घरी आणून लोक काय करतात, तर पातेलंभर दुधात टाकून खळखळून उकळतात. इथे माझं भांडण आहे. माझी मावशी अकोल्याला जठारपेठेत राहायची. कॉफी करावी तर तिनेच. तिच्या लहानपणी घरात पोल्सन कॉफीचा डबा असायचा. पोल्सनच्या पेस्तनजी एदलजी दलाल यांनी १८८८मध्ये कॉफीचा धंदा सुरू केला आणि आणंदचं लोणी त्यानंतर आलं, हे आज फार थोड्यांना माहीत असतं. त्यांच्या 'फ्रेंच कॉफी'त चिकोरी असे. चिकोरी म्हणजे भाजून दळलेलं मूळ. त्याने रंग गडद येतो, दाटपणा येतो, पण चिखलदऱ्याच्या बियांत ती घालायला माझं मन धजत नाही.

भाजण्यापासूनच सांगते, कारण खरी गंमत तिथे आहे. जाड बुडाच्या लोखंडी कढईत हिरव्या बिया मध्यम आचेवर घ्याव्या आणि उलथनं क्षणभरही थांबवू नये. आधी त्या पिवळ्या पडतात, ओल्या गवतासारखा वास येतो. मग तपकिरी होतात, आणि ज्वारीच्या लाह्या फुटाव्या तशा तडतडू लागतात. तडतड ओसरली की कढई उतरवायची. फार काळं करण्याचा सोस नको, त्यात बीचा स्वतःचा स्वाद जळून जातो. लगेच सुपात ओतून पाखडायचं, म्हणजे वरचं पातळ फोलपट उडतं आणि बिया झटकन निवतात. २५० ग्रॅमच्या २०० ग्रॅमच्या जरा वर उरतात. एक दिवस झाकून ठेवाव्या आणि लागतील तेवढ्याच दळाव्या. मिक्सर चालतो, पण थांबून थांबून फिरवावा. भुकटी गरम होता कामा नये.

मावशीची रीत अशी. पाणी उकळलं की गॅस बंद. मिनिटभराने कपाला दोन चमचे भुकटी घालून ढवळायचं आणि ताट झाकायचं. पाच मिनिटांनी वरून थंड पाण्याचा हलका हबका मारला की तरंगणारा चोथा तळाशी बसतो. वरचं पाणी मलमलीच्या फडक्यातून अलगद गाळायचं, फडकं पिळायचं नाही, नाहीतर कडवटपणा उतरतो. दूध निराळं तापवायचं, साखर त्यातच. आणि शेवटी जायफळ! सहाणेवर चार वेढे, ते कपातच उतरवायचे. जायफळाचा वास उडून जाणाऱ्या तेलात असतो. जायफळ दुधाबरोबर उकळलंत की घरभर घमघमाट आणि कपात काही नाही. वेलची मी घालत नाही. जायफळ आणि वेलची एकत्र आली की श्रीखंडाची आठवण होते, कॉफीची नाही.

पितळी फिल्टरही माझ्याकडे आहे. त्यातला दाट अर्क दुधात सुरेख लागतो. पण जरा हलकी भाजलेली ही कॉफी एकदा तरी बिनदुधाची प्यावी, नुसती गाळून. पोट बिघडल्यावर लिंबू पिळून देतात ती कोरी कॉफी नव्हे, स्वस्थ बसून चवीने प्यायची. पहिला घोट थोडा आंबूस लागेल, कप जरा निवला की गोडवा वर येतो.

या हिवाळ्यात गाविलगड आणि भीमकुंड बघायला वर गेलात, तर दळलेली पुडी घेण्याआधी न भाजलेल्या हिरव्या बिया मिळतात का, एवढं विचारा. दळलेल्या पुडीचा वास दोन-तीन आठवड्यांत उतरतो, हिरव्या बिया कोरड्या डब्यात महिनोन्महिने टिकतात. तेव्हा किलोभर आणल्या तरी चालतील, पुढच्या पावसाळ्यापर्यंत लागतील तशा भाजता येतात.