बांधावरचा खून आणि अपिलाची कसोटी

शेतजमिनीचा वाद हा ग्रामीण भागातील रक्तपाताच्या जुन्या कारणांपैकी एक आहे. बांध कोरणे, वहिवाटीचा रस्ता अडविणे, वाटणीत हिस्सा नाकारणे अशा निमित्तांनी सुरू झालेली भाऊबंदकी अनेकदा काठ्या-कुऱ्हाडींवर येते आणि त्यातून एखाद्याचा जीव जातो. अशा खटल्याचा निकाल सत्र न्यायालयात लागला म्हणजे प्रकरण संपले, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात पुढे अपिलाचा दीर्घ प्रवास बाकी असतो, आणि या प्रवासात निकाल पूर्णपणे फिरू शकतो.

पंजाबमधील 'दर्शनसिंग विरुद्ध पंजाब राज्य' हे प्रकरण त्याचे बोलके उदाहरण आहे. १९९१ मध्ये जमिनीच्या वादातून जवळच्या नातेवाइकांमध्ये शेतावर संघर्ष झाला आणि बंदुकीच्या गोळीने एकाचा मृत्यू झाला. आपल्या पित्याच्या डोक्यावर धारदार हत्याराचा वार झाल्यामुळे त्याच्या व स्वतःच्या बचावासाठी गोळी झाडावी लागली, असा आरोपी पुत्राचा बचाव होता. सत्र न्यायालयाने तो ग्राह्य धरून निर्दोष मुक्तता केली. उच्च न्यायालयाने हा निकाल उलटवून खुनाबद्दल दोषी ठरविले. अखेरीस १५ जानेवारी २०१० रोजी न्यायमूर्ती दलवीर भंडारी व न्यायमूर्ती अशोककुमार गांगुली यांच्या खंडपीठाने उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द केला. घटना एकच, पुरावाही तोच; निष्कर्ष मात्र तीन टप्प्यांवर दोन प्रकारचे. असे का होते, हे समजून घेण्यासाठी अपिलाची रचना पाहावी लागते.

अपील कोणाला करता येते?

सत्र न्यायालयाने शिक्षा दिल्यास आरोपीला उच्च न्यायालयात अपील करण्याचा हक्क आहे. त्यासाठी मुदत ६० दिवसांची असून फाशीच्या शिक्षेविरुद्ध ती ३० दिवसांची आहे. फाशीची शिक्षा तर उच्च न्यायालयाने कायम केल्याखेरीज अमलात येऊच शकत नाही. निर्दोष मुक्ततेविरुद्ध सरकारला अपील करता येते, मात्र त्याला उच्च न्यायालयाची परवानगी लागते. मृताच्या कुटुंबीयांना पूर्वी असा स्वतंत्र हक्क नव्हता. तो ३१ डिसेंबर २००९ पासून मिळाला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, पीडिताला त्यासाठी परवानगी मागण्याची गरज नाही, असे स्पष्ट केले. उच्च न्यायालयाने मुक्तता उलटवून फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे अथवा त्याहून अधिक कारावास दिल्यास आरोपीला सर्वोच्च न्यायालयात जाण्याचा हक्क मिळतो. इतर प्रकरणांत विशेष परवानगीचा मार्ग असतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता व भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाल्या. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ ऐवजी आता १०३ झाले आहे. तथापि, त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांना जुनी भारतीय दंड संहिताच लागू राहते. त्यामुळे जुन्या अपिलांत कलम ३०२ चा उल्लेख पुढेही होत राहणार आहे.

शिक्षा व मुक्तता यांचे मोजमाप वेगळे

अपिलात साक्षीदार सहसा पुन्हा बोलावले जात नाहीत. खालच्या न्यायालयात नोंदविलेल्या साक्षी, पंचनामे, शवविच्छेदनाचा अहवाल व जप्त वस्तू यांच्या आधारे वरिष्ठ न्यायालय पुराव्याची फेरतपासणी करते. तिची पद्धत दोन्ही बाबतींत सारखी नसते. २००७ च्या 'चंद्रप्पा' निकालात सर्वोच्च न्यायालयाने याविषयीची तत्त्वे एकत्र मांडली. मुक्ततेविरुद्धच्या अपिलातही पुराव्याची संपूर्ण छाननी करता येते. परंतु आरोपी निर्दोष असल्याचे मूळ गृहीतक मुक्ततेमुळे अधिक बळकट झालेले असते. पुराव्यातून दोन वाजवी निष्कर्ष निघत असतील, तर केवळ दुसरा अधिक पटतो म्हणून मुक्तता उलटवता येत नाही.

नातेवाईक साक्षीदार आणि जुने वैर

शेतावरच्या खुनाला साक्षीदार बहुधा मृताच्या घरचेच असतात. ते आप्त आहेत म्हणून त्यांची साक्ष टाकून द्यावी, असा युक्तिवाद जवळजवळ प्रत्येक अपिलात होतो. त्याचे उत्तर १९५३ च्या 'दलीपसिंग' निकालात आहे. पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश असलेले न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी त्यात म्हटले होते, की जवळचा नातेवाईक खऱ्या मारेकऱ्याला सोडून निरपराधाला गोवण्याची शक्यता सर्वांत कमी. मात्र, वैर पेटलेले असेल तर खऱ्या आरोपीसोबत इतरांचीही नावे घुसडली जाऊ शकतात, असा इशाराही त्यांनी दिला होता. वैर हे दुधारी शस्त्र आहे, असे न्यायालये म्हणतात ते याच अर्थाने. त्यातून खुनाचा हेतू दिसतो, तसाच खोटे गुंतविण्याचा हेतूही.

दहा-पंधरा जणांचा जमाव आरोपी असेल तर हा धोका वाढतो. बेकायदा जमावाच्या कलमाखाली प्रत्यक्ष वार न करणाराही खुनाबद्दल दोषी ठरू शकतो. म्हणून १९६४ च्या 'मसालती' निकालानंतर, अशा प्रकरणांत प्रत्येक आरोपीचा सहभाग एकाहून अधिक साक्षीदारांनी सुसंगतपणे सांगितला आहे का, हे तपासण्याची सावध पद्धत न्यायालये वापरतात. अनेक अपिलांत काही आरोपींची शिक्षा कायम राहते आणि काही सुटतात, त्यामागे हे कारण असते.

सातबारा कोणाचा, ताबा कोणाचा?

जमिनीच्या वादातील खुनात निर्णायक प्रश्न पुष्कळदा मालकीचा नसून ताब्याचा असतो. कायद्याने स्वतःच्या शरीराच्या व मालमत्तेच्या बचावाचा हक्क दिला आहे. पण तो कोणाला मिळतो, हे घटनेच्या वेळी शेत कोणाच्या स्थिर वहिवाटीत होते यावर अवलंबून असते. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या 'मुन्शीराम' व १९७५ च्या 'पूरनसिंग' निकालांत हा विचार मांडला. दुसऱ्याचा ताबा स्थिरावल्यानंतर खऱ्या मालकालाही लोक जमवून तो बळाने काढून घेता येत नाही. त्याने न्यायालयाचाच मार्ग धरला पाहिजे. म्हणूनच पीकपाण्याच्या नोंदी, पेरणी कोणी केली होती आणि नांगरट कोणाची चालू होती, या साध्या वाटणाऱ्या बाबी खुनाच्या अपिलात महत्त्वाच्या ठरतात.

बचावाचा हक्क सूड घेण्याचा परवाना नाही. धोक्याची वाजवी भीती निर्माण होताच तो सुरू होतो आणि भीती संपताच संपतो. मात्र, जिवावर बेतलेल्या क्षणी माणसाने प्रत्येक वार तोलूनमापून करावा, अशी अपेक्षाही कायदा करीत नाही. आरोपीला हा बचाव संशयातीतपणे सिद्ध करावा लागत नाही. तो संभाव्य असल्याचे दाखविणे पुरते. आरोपीच्या अंगावरही गंभीर जखमा असतील आणि सरकार पक्ष त्यांचा खुलासा करू शकत नसेल, तर साक्षीदारांनी घटनेची सुरुवात दडविली असावी, असा निष्कर्ष निघू शकतो. १९७६ च्या 'लक्ष्मीसिंग' निकालातून हे तत्त्व दृढ झाले.

सुटका आणि जन्मठेप यांमध्ये तिसरी शक्यताही असते. बचावाचा हक्क होता पण मर्यादा ओलांडली, किंवा पूर्वनियोजनाविना अचानक भांडण झाले, असे दिसल्यास खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा गुन्हा ठरतो आणि शिक्षा कमी होते.

रक्त सांडण्याआधीचे उपाय

अपिलाचा निकाल काहीही लागो, दोन्ही घरांची झालेली हानी भरून येत नाही. 'दर्शनसिंग' प्रकरण संपेपर्यंत जवळपास १९ वर्षे गेली. एका घरातील कर्ता माणूस गेला, दुसऱ्यावर खुनाच्या खटल्याची टांगती तलवार राहिली. वादाचे कारण ठरलेली जमीन या काळात कोणालाही सुख देत नाही.

हद्दीचा वाद असल्यास भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेता येते. वहिवाटीचा रस्ता अडविल्यास मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ अन्वये तहसीलदारांकडे दाद मागता येते. ताब्यावरून शांतताभंगाची चिन्हे दिसत असतील, तर कार्यकारी दंडाधिकारी हस्तक्षेप करू शकतात. मालकी व वाटणीसाठी दिवाणी न्यायालय आहे. हे मार्ग संथ आहेत, कंटाळवाणेही आहेत. परंतु खुनाच्या अपिलाइतका लांब आणि महाग मार्ग त्यांपैकी एकही नाही.