घेतलेल्या पैशाचा खुलासा मागणारे पत्र मोबाईलवर आले तर?



सरकारी पैसा खात्यावर आला की त्याचा हिशेब कधी ना कधी विचारला जातो, हे आपल्याला नवे नाही. पूर्वी अशी विचारणा करणारा कागद कोतवाल घरी घेऊन यायचा. सही-शिक्का पाहायचा, वाचता येणाऱ्याकडून वाचून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी चावडीवर जायचे, अशी रीत होती. आता तसाच मजकूर मोबाईलवर ईमेलने, म्हणजे तारेवाचून येणाऱ्या पत्राने, येऊ लागला आहे. त्यातली काही पत्रे सरकारची नसतात, भामट्यांची असतात. देवळाली प्रवरा, टाकळीमिया, आंबी या आपल्या भागात ऊस, कांदा आणि दूध यांचा पैसा बँकेतूनच फिरतो. म्हणून ही माहिती प्रत्येक घरात असावी.

समजा, असे पत्र आले:

"आपण अपात्र असताना आपल्या खात्यात शासनाचे १८,००० रुपये जमा झाल्याचे निदर्शनास आले आहे. २४ तासांत खुलासा करावा, अन्यथा खाते गोठवून गुन्हा दाखल करण्यात येईल. खुलाशासाठी सोबतची फाईल उघडा."

वाचले की छातीत धस्स होते. पैसे तर आपण घेतलेले असतात! "कर नाही त्याला डर कशाला" हे बोलायला सोपे. पण सरकारी भाषेचा कागद पाहिला की भला माणूसही बावरतो. भामट्याला तेवढेच हवे असते.

खरी विचारणाही होते, हे विसरू नका

असे प्रत्येक पत्र खोटे समजून फेकून दिले, तरी नुकसान होऊ शकते. पीएम-किसान योजनेचेच उदाहरण घेऊ. ही योजना २०१९ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. पात्र शेतकरी कुटुंबाला वर्षाला ६,००० रुपये, २,००० च्या ३ हप्त्यांत मिळतात. कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि अज्ञान मुले. मागील आकारणी वर्षात आयकर भरलेले, बहुतेक सरकारी नोकर, महिना १०,००० रुपये किंवा त्याहून जास्त निवृत्तिवेतन घेणारे, तसेच व्यवसाय करणारे डॉक्टर, वकील, इंजिनिअर यांना ही मदत लागू नाही.

पुढे आधार आणि आयकराच्या नोंदी ताडून पाहिल्या, तेव्हा अनेक अपात्र नावे निघाली. २०२० आणि २०२१ साली महाराष्ट्रात महसूल खात्याने अशा खातेदारांना पैसे परत भरण्याच्या नोटिसा दिल्या. २०२५ मध्ये संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे देशभरातून सुमारे ४१६ कोटी रुपये परत घेण्यात आले होते. म्हणजे वसुली ही खरी गोष्ट आहे. भामटे याच खऱ्या गोष्टीचा आडोसा घेतात.

तेव्हा "पत्र खरे की खोटे" या विचारात रात्र घालवू नका. एकच नियम पाळा: पत्र ज्या वाटेने आले, त्या वाटेने उत्तर देऊ नका. आपल्या पायाने, आपल्या ओळखीच्या कार्यालयात जाऊन विचारा. पत्र खरे असेल तर तिथे त्याची नोंद सापडेल. खोटे असेल तर तिथेच उघडे पडेल. दोन्हीकडून आपला फायदाच.

खोट्या पत्राच्या खुणा

१. घाई. २४ तास, आजच, आत्ता. खऱ्या कामात विचारायला, कागद गोळा करायला वेळ मिळतो. भामट्याला तुम्ही कोणाला विचारलेले चालत नाही.

२. नाव-गाव नसते. "प्रिय लाभार्थी" एवढेच लिहिलेले असते. जावक क्रमांक, तारीख, कार्यालयाचा पत्ता, अधिकाऱ्याचे नाव व हुद्दा यांचा मेळ बसत नाही. मात्र नाव आणि आधारचे शेवटचे आकडे बरोबर लिहिले म्हणून पत्र खरे ठरत नाही. ही माहिती बाहेर फुटलेली असू शकते.

३. पाठवणाऱ्याचा पत्ता. वर मोठ्या अक्षरात "कृषी मंत्रालय" लिहिलेले असते, पण नावावर बोट ठेवले की खालचा खरा पत्ता दिसतो. सरकारी पत्त्याचा शेवट बहुधा "गव्ह डॉट इन" किंवा "निक डॉट इन" असा असतो. बँकांच्या संकेतस्थळांसाठी रिझर्व्ह बँकेने "बँक डॉट इन" हा शेवट ठरवून दिला असून त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली होती. तरीही सरकारी दिसणारा पत्ता बनावट करता येतो. पत्ता चुकीचा असेल तर पत्र खोटे समजा, पण पत्ता बरोबर दिसला म्हणून पत्र खरे मानू नका.

४. सोबतची फाईल. फाईलच्या नावाच्या शेवटी "एपीके" असेल तर तिला हात लावू नका, बरं का. ती फाईल म्हणजे मोबाईलमध्ये शिरणारे ॲप असते. पीएम-किसानच्या नावाने अशा फाईली व्हॉट्सॲपवर पुष्कळ फिरल्या आहेत. ती बसवली की बँकेकडून येणारा ओटीपी आपल्याआधी भामटा वाचतो.

५. पिन किंवा ओटीपीची मागणी. खुलासा करायला पिन लागत नाही. पैसे घ्यायलाही पिन लागत नाही. पिन लागतो तो आपल्या खात्यातून पैसे काढायला आणि द्यायला.

पत्र आल्यावर काय करावे

पहिले काम, मोबाईल खाली ठेवा. पत्रातला दुवा दाबू नका, दिलेल्या नंबरवर फोन करू नका, "मी पैसे घेतले नाहीत" असे उत्तरही पाठवू नका. उत्तर गेले की पलीकडच्याला कळते, की इथे माणूस आहे आणि तो घाबरलेला आहे.

दुसरे काम, पासबुक भरून आणा. वरच्या पत्रात १८,००० चा आकडा होता. २,००० च्या हिशेबाने ते ९ हप्ते झाले. पासबुकात खरेच ९ हप्ते आहेत का ते मोजा. राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे हप्ते २०२३ पासून वेगळे येतात. ते यात मिसळू नका.

तिसरे काम, पत्र खोडू नका. त्याची छापील प्रत काढा आणि सोबत पासबुक, आधार, सातबारा घेऊन चौकशीला जा. पीएम-किसानचा विषय असेल तर तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, किंवा राहुरीचे तहसील कार्यालय. या योजनेचा मदत क्रमांक १५५२६१ आहे. बँकेचा विषय असेल तर आपली शाखा. आयकराचे पत्र असेल तर त्यावर दस्तऐवज ओळख क्रमांक शोधा. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या पत्रांवर हा क्रमांक असतो आणि तो खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर ताडून पाहता येतो.

चौथे काम, पत्र खरे निघाले तर खुलासा लेखी द्या. कोणते हप्ते कोणत्या तारखेला आले आणि आपण पात्र कसे, हे साध्या भाषेत लिहा. विवरणपत्र भरले होते पण कर शून्य होता, असे असेल तर त्याची प्रत जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. पैसे परत भरायचे ठरले, तर तहसील कार्यालयाने लेखी दिलेल्या खात्यातच किंवा योजनेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच भरा आणि पावती जपून ठेवा. कोणाच्याही खासगी नंबरवर सरकारी वसुली भरली जात नाही.

पोलिसांच्या नावाने धमकी आली तर

काही पत्रांत पोलीस, सीबीआय किंवा सायबर केंद्राचे नाव आणि अशोकस्तंभाचे चित्र असते. मागोमाग वर्दीतला माणूस व्हिडीओवर दिसतो आणि म्हणतो, "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, फोन ठेवू नका." कायद्यात अशी अटक नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या "मन की बात" या रेडिओ कार्यक्रमातही हेच सांगितले होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ प्रमाणे हजर राहण्याची नोटीस पोलिसांनी व्हॉट्सॲप किंवा तत्सम मार्गाने बजावू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये बजावले आहे. तेव्हा फोन खुशाल ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन विचारा. घरच्यांना सांगा. "कुणाला बोलू नका" असे सांगणारा माणूस सरकारी नसतो.

खाते खरोखरच अडकले तर

आणखी एक प्रकार घडतो. समजा तुम्ही कांदा विकला आणि घेणाऱ्याने मोबाईलवरून पैसे दिले. ते पैसे कोणाला तरी फसवून मिळवलेले निघाले, तर माग काढत तपास तुमच्या खात्यापर्यंत येतो. बँक तेवढी रक्कम किंवा कधी पूर्ण खातेच रोखते. इथे विचारणा खरी असते आणि तुम्ही निर्दोष असता. अशा वेळी उपयोगी पडतो तो कागद: आडत्याची हिशेबपट्टी, काट्याची पावती, दुधाची पावती. बँकेकडून तक्रारीचा क्रमांक आणि कोणत्या पोलीस ठाण्याची तक्रार आहे ते लिहून घ्या. मग विक्रीचा पुरावा जोडून लेखी खुलासा द्या. म्हणून अनोळखी माणसाला माल दिला तरी पावती फाडल्याशिवाय गाडी हलू देऊ नये.

आपले पासबुक, एटीएम कार्ड किंवा सिम चार पैशांसाठी दुसऱ्याला वापरायला देऊ नका. गावातल्या तरुण पोरांना हे विशेष करून सांगा. त्या खात्यातून चोरीचा पैसा फिरला, तर जाब खातेदारालाच द्यावा लागतो.

पैसे गेलेच असतील तर

लाजू नका, वेळ दवडू नका. शिकलेली, मोठ्या पगाराची माणसेही फसतात. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करा. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतो. तो बाहेर काढला जाण्याआधी तक्रार पोचली, तर वाटेत अडवता येतो. त्याच वेळी बँकेला कळवून खाते, कार्ड आणि यूपीआय बंद करून घ्या. "एपीके" फाईल बसवली असेल तर त्या मोबाईलचे इंटरनेट बंद करा आणि फोन दुसऱ्या मोबाईलवरून करा. बँकेला दिलेल्या तक्रारीची पोच घ्या, कारण कळवायला झालेला उशीर पुढे भरपाईच्या आड येतो.

एवढे ध्यानात ठेवा

• पत्र आले त्या वाटेने उत्तर नाही. आपल्या पायाने कार्यालयात.
• आधी पासबुक, मग खुलासा.
• खुलासा लेखी, पोच घेऊन.
• एपीके फाईल, पिन, ओटीपी: तिन्हींना नकार.
• खरी नोटीस दडवून ठेवू नये, मुदतीत उत्तर द्यावे.
• पैसे गेले तर १९३०, त्याच घडीला.

हे पत्रक घरातल्या म्हाताऱ्या माणसांना वाचून दाखवा आणि दूध संकलन केंद्रावर, सोसायटीत सर्वांना दिसेल असे लावा. बँकेत तुमच्या खात्याला कोणाचा मोबाईल आणि कोणाचा ईमेल जोडला आहे, तेही या आठवड्यात एकदा पाहून घ्या. पुष्कळांच्या खात्याला अर्ज भरून देणाऱ्याचाच पत्ता लागलेला असतो. मग खरे पत्र आले तरी ते आपल्याला कळत नाही.