अठराव्या वर्षी सुरू होणारा खेळ

बारावीचा निकाल लागला की अंजनगाव सुर्जीत, आणि वऱ्हाडातल्या प्रत्येक गावात, घराघरांत एकच प्रश्न फिरू लागतो : आता पुढे काय? कुणी अमरावतीला शिकायला जाते, कुणी अकोल्याला क्लास लावते, कुणी पोलीस भरतीसाठी पहाटे धावू लागते, कुणी मामूंच्या दुकानात बसते. पानमळ्यात आणि पानपिंपळीच्या वाडीत तर माणूस लागतोच. मुलीच्या बाबतीत हा प्रश्न बहुधा तिच्याबद्दल विचारला जातो, तिला कमीच.

या प्रश्नावरच उभा असलेला एक खेळ आहे. तो मोबाइलवरचा नाही. त्याला पट नाही, सोंगट्या नाहीत, पैज नाही आणि शेवटी कुणी जिंकतही नाही. तरीही जवळपास पन्नास वर्षांपासून जगभरची माणसे त्याच्या प्रेमात पडत आली आहेत. त्याचे नाव 'ट्रॅव्हलर', म्हणजे आपला मुसाफिर. ही माणसे त्याच्या प्रेमात कशी पडली, आणि त्यात आपल्या घरांसाठी घेण्यासारखे काय आहे, ते या लेखात सांगतो.

काळी पेटी, तीन पुस्तिका

अशा खेळात एक जण निवेदक होतो आणि बाकीचे एकेक पात्र होतात. निवेदक प्रसंग सांगतो : "तुम्ही लोणारच्या सरोवराकाठी उभे आहात. पाणी रातोरात गुलाबी झाले आहे. काय कराल?" प्रत्येकाने आपल्या पात्राच्या वतीने उत्तर द्यायचे. जे करायचे ते जमले की नाही, हे फाशांच्या आकड्यावर ठरते. मग पुढचा प्रसंग. गोष्ट सगळे मिळून रचतात आणि ती कशी संपणार हे कुणालाच ठाऊक नसते. (लोणारचे पाणी जून २०२० मध्ये खरोखरच गुलाबी झाले होते. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तसे झाले, असे शास्त्रज्ञांना आढळले.)

या जातीचा पहिला गाजलेला खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ साली अमेरिकेत निघाला. त्यात तलवारी, जादू आणि राक्षस होते. त्यानंतर १९७७ साली इलिनॉय राज्यातल्या नॉर्मल नावाच्या गावातून 'गेम डिझायनर्स वर्कशॉप' या छोट्या संस्थेने 'ट्रॅव्हलर' बाजारात आणला. रचनाकार मार्क मिलर. त्याच वर्षी 'स्टार वॉर्स' चित्रपट आला होता आणि तरुण पोरांच्या डोक्यात अंतराळ शिरले होते. पण या खेळाच्या पेटीवर ना रॉकेट होते ना परग्रहवासी. काळीभोर पेटी, आत तीन छोट्या काळ्या पुस्तिका, आणि झाकणावर संकटात सापडलेल्या एका व्यापारी जहाजाची मदतीची हाक, एवढेच. जहाजावर कोण आहे, कुठे आहे, काय झाले आहे, हे वाचणाऱ्याने स्वतः ठरवायचे. अनेकांचा जीव या खेळात अडकला तो इथेच.

आधी आयुष्य, मग खेळ

खरी मोहिनी मात्र पहिल्या पुस्तिकेत होती. दुसऱ्या खेळांत नायक तरुण, कोरा आणि तलवार घेऊन उभा असतो. 'ट्रॅव्हलर'मध्ये नायकाचे आधी आयुष्य घडवावे लागते. सुरुवातीला त्याचे सहा गुण ठरतात : ताकद, चपळाई, सोसण्याची शक्ती, बुद्धी, शिक्षण आणि समाजातले स्थान. प्रत्येकासाठी दोन साधे फासे टाकायचे. आकडा येतो २ ते १२.

मग तो अठरा वर्षांचा होतो आणि त्याला घर सोडावे लागते. सहा वाटा असतात : अंतराळ नौदल, नौसैनिक, सेना, सर्वेक्षण दल, व्यापारी ताफा, आणि 'इतर'. हव्या त्या ठिकाणी अर्ज करायचा. आकडा चांगला पडला तर भरती. नाही पडला तर जिथे पाठवतील तिथे जायचे. नोकरी चार-चार वर्षांच्या मुदतीची. प्रत्येक मुदतीत काही नवे शिकायला मिळते : जहाज हाकणे, यंत्र दुरुस्त करणे, वैद्यकी, हिशेब, कधी नुसती लबाडीही. चौतिसाव्या वर्षानंतर वय अंगावर दिसू लागते, ताकद आणि चपळाई घटू शकते. नोकरी सोडताना थोडा पैसा हाती पडतो, पाचहून कमी मुदती भरल्या तर निवृत्तिवेतन नाही. आणि तेव्हा कुठे खेळ सुरू होतो. म्हणजे या खेळाचा नायक अनेकदा चाळिशीचा, गुडघे दुखणारा, बरीच वर्षे नोकरी करून आलेला माणूस असतो!

या सगळ्यात एक कठोर नियम होता. दर मुदतीत जगण्यासाठी ठरावीक आकडा यावा लागे. तो आला नाही तर पात्र मरत असे, खेळ सुरू होण्याआधीच. सर्वेक्षण दल सगळ्यांत धोक्याचे. तिथे ७ किंवा अधिक आकडा हवा. दोन फाशांच्या ३६ शक्यतांपैकी १५ मध्ये तो येत नाही. पुढे २००८ च्या नव्या आवृत्तीत मृत्यूऐवजी एखादी दुर्घटना आणि नोकरी सुटणे असा सौम्य नियम आला. पण जुने खेळाडू त्या कठोर नियमाचीच आठवण काढतात, कारण त्यामुळे प्रत्येक मुदतीआधी खराखुरा प्रश्न उभा राहत असे : आणखी चार वर्षे राहू की आता निघू?

आकडा हातात नसतो, निवड हातात असते. आपल्या बुजुर्गांनी यालाच तकदीर आणि तदबीर म्हटले. कितीतरी खेळाडू सोबती मिळत नसतानाही एकटेच बसून अशी आयुष्ये घडवत राहिले, वह्यांमागून वह्या भरत राहिले. खेळाच्या पुस्तिकेतही एकट्याने खेळायची मुभा होती.

त्याच पुस्तिकेत आणखी एक गोष्ट स्पष्ट केलेली होती : पात्र स्त्री असो की पुरुष, कोणत्याही वंशाचे असो, नियम सगळ्यांना सारखेच. १९७७ साली मुलांसाठीच समजल्या जाणाऱ्या खेळात हे लिहिलेले असणे छोटी गोष्ट नव्हती.

हप्ते आणि उशिरा येणारी बातमी

प्रेमात पडण्याची दुसरी कारणे ऐकली तर आपल्याकडच्या दुकानदाराला हसू येईल. व्यापारी पात्राला नशिबाने जहाज मिळू शकते, पण ते कर्जासकट. एका साध्या व्यापारी जहाजाची किंमत ३ कोटी ७० लाख क्रेडिटच्या आसपास. हप्ता दरमहा किमतीचा २४० वा भाग, म्हणजे दीड लाखाच्या वर, आणि असे हप्ते ४८०, चाळीस वर्षे! सुरुवातीचे वीस टक्के धरले तर जहाज किमतीच्या २.२ पट पडते. त्यामुळे खेळाडू लढाया शोधत हिंडत नाहीत, ते भाडे शोधत हिंडतात. कोणत्या ग्रहावर काय स्वस्त आहे, कुठे माल उतरवावा, इंधन कुठे भरावे. व्याज माणसाला कसे पळवते, हे मुलांना एका संध्याकाळी कळते.

दुसरी गोष्ट बातमीची. या विश्वात ताऱ्यांमध्ये दूरध्वनी नाही. एका झेपेला सुमारे आठवडा लागतो आणि बातमी जहाजाच्याच वेगाने जाते. म्हणून दूरच्या ग्रहावरच्या माणसाला वरिष्ठांना विचारायची सोय नसते, त्याला स्वतः ठरवावे लागते.

अंजनगावकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आडगावची लढाई २९ नोव्हेंबर १८०३ ला झाली, गाविलगड १५ डिसेंबरला पडला आणि ३० डिसेंबरला दौलतराव शिंदे व इंग्रज यांच्यातला तह आपल्या सुर्जी-अंजनगावात झाला. इंग्रजांकडून बोलणी करत होता आर्थर वेलस्ली. त्याचा थोरला भाऊ गव्हर्नर जनरल होता, पण तो कलकत्त्याला. तिथे विचारून उत्तर यायला आठवडे गेले असते. अंतर माणसाच्या अंगावर जबाबदारी टाकते, आणि खेळाडूंना या खेळात तीच जबाबदारी चाखायला मिळाली.

फाशांचा प्रश्न

इथे आपल्या अनेक घरांत साहजिक हरकत निघेल : फासे? नर्दबद्दलची हदीस आपल्याला ठाऊक आहे आणि अनेक उलमा पैज नसली तरी फाशांचे खेळ नाजायज मानतात. हा प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. ज्या घरात फासे चालत नाहीत त्या घरात ते आणू नयेत. खेळाला हवा असतो तो केवळ २ ते १२ मधला एक आकडा. दोन वाट्यांत १ ते ६ आकड्यांच्या चिठ्ठ्या ठेवून प्रत्येकीतून एक उचलता येते (चिठ्ठी परत वाटीत टाकायला विसरू नये). तरीही मनात शंका उरली तर आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे. पैसा लावणे मात्र या खेळात कुठेच नाही, आणि आणूही नये.

दादीने विचारलेला प्रश्न

आम्ही दोघांनी, नवराबायकोने, हा खेळ उन्हाळ्याच्या सुट्टीत इशाच्या नमाजनंतर घरात मांडला. चिठ्ठ्या जुन्या कॅलेंडरच्या कापल्या. पंधरा वर्षांच्या पुतण्याने सर्वेक्षण दल निवडले. त्याचा माणूस तिसऱ्या मुदतीत मेला. पोरगा गप्प झाला. तोवर तसबीह घेऊन बाजूला बसलेल्या अम्मींनी विचारले, "कोण होता रे तो? त्याला आई होती का?" पुतण्याने थोडा विचार केला आणि सांगू लागला. आई होती, एका कोरड्या ग्रहावर. तो तिला पैसे पाठवायचा. शेवटचे पत्र तिला तो गेल्यानंतर मिळाले असेल. ज्याचा मोबाइल हातातून सुटत नाही तो मुलगा पाऊण तास बोलत होता आणि सगळे ऐकत होते.

भाईजान दुकान बंद करून आले ते जहाजाचे हप्ते ऐकून तिथेच बसले. बिलबुकाच्या पाठीवर त्यांनी भाड्याचा हिशेब मांडला आणि हे जहाज घेणारा माणूस बुडणार, असा निकाल दिला. त्यांची सतरा वर्षांची मुलगी म्हणाली, "म्हणून तर मी ते घेतले नाही, अब्बा. मी नौदलात यंत्रे शिकले. अठराव्या वर्षीच अर्ज केला होता."

ती खेळातलेच बोलत होती. पण यंत्रे शिकायची इच्छा तिने घरात याआधी मोठ्याने सांगितली नव्हती, हे तिथे बसलेल्या सगळ्यांच्या लक्षात आले. भाईजान काही बोलले नाहीत. त्यांनी कागद उलटा केला आणि विचारले, "तिथे शिकायला किती वर्षे लागतात?" तंत्रनिकेतनाच्या फॉर्मबद्दल अजून काही ठरलेले नाही. पण प्रश्न तिला विचारला गेला.

आपल्या घरची शिदोरी

परक्या देशाचा खेळ म्हणून दचकायचे कारण नाही. विज्ञानकथेचे वेड आपल्याकडेही जुने आहे. १९०५ साली बंगालच्या बेगम रुकैया सखावत हुसेन यांनी 'सुलतानाज ड्रीम' ही इंग्रजी कथा लिहिली. तिच्यातल्या देशाचा कारभार बायका चालवतात, स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर होतो आणि लोक हवेतून प्रवास करतात. जवळपास सव्वाशे वर्षांपूर्वी एका मुस्लिम बाईने पाहिलेले हे स्वप्न आहे.

आणि मराठीत जयंत नारळीकर. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत 'नारायण विनायक जगताप' नावाने 'कृष्णविवर' ही कथा आली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. हे जगताप म्हणजे नारळीकरच. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंकडून लिहून घेतली होती. एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञालाही थोडा वेळ दुसरे कुणी होऊन पाहावेसे वाटले!

सुरुवातीला इंग्रजी पुस्तिका नसल्या तरी अडत नाही. एक वही, सहा गुण, चार-पाच वाटा आणि दोन वाट्या पुरेत. वाटा आपल्याच ठेवाव्यात : इस्पितळ, फौज, शाळा, व्यापार, कारखाना. दर चार वर्षांनी काय शिकला, काय गमावले, ते लिहावे. वडीलधाऱ्यांनी निवेदक होण्याची घाई करू नये, त्यांनीही एक पात्र घ्यावे. मुलांना आपले अब्बा अठरा वर्षांचे झालेले पाहू द्या.

पहिला प्रश्न सगळ्यांना एकच विचारावा, मुलींना आधी, आणि उत्तर येईपर्यंत मध्ये बोलू नये : तू अठरा वर्षांची आहेस, दार उघडे आहे, कुठे जाशील?